उपग्रहाचें इंटरनेट आणि शेतकऱ्याचें घर

सन २०२५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ५ तारखेस महाराष्ट्र सरकारनें स्टारलिंक या अमेरिकन कंपनीशीं एक इरादापत्र केलें. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशीम यांसारख्या जिल्ह्यांतील दुर्गम भागांस आणि तेथील सार्वजनिक संस्थांस उपग्रहामार्फत इंटरनेट पुरवावें, असा त्याचा हेतु आहे. अशी बातमी वाचल्यावर आमच्या शेतकरी बंधूंच्या मनांत आशा उत्पन्न होणें स्वाभाविक आहे. छपरावर एक तबकडी बसविली कीं टॉवरची वाट पाहावयास नको, तार ओढावयास नको, आणि डोंगराआडचें घरहि शहरांतील घराच्या पंक्तीस बसेल, असें चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तें सर्वस्वीं खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु नवें अवजार घेतांना तें आपल्या जमिनींत चालेल काय, त्यास ओढ किती लागेल, मोडल्यास दुरुस्त कोण करील, हे प्रश्न शहाणा शेतकरी आधीं विचारतो. तेच प्रश्न या तबकडीसंबंधानेंहि विचारले पाहिजेत. तिचे गुण सांगण्यास विक्रेता समर्थ आहे. सबब या लेखांत मुख्यतः तिच्या दोषांचाच विचार करण्याचें योजिलें आहे.

उपग्रहांच्या दोन जाति

प्रथम ही यंत्रणा चालते कशी हें थोडक्यांत पाहूं. घरावरील तबकडी बिनतारी लहरी आकाशांतील उपग्रहाकडे पाठविते. उपग्रह त्या जमिनीवरील एका मोठ्या केंद्राकडे परतवितो. आणि तें केंद्र तारेनें जगाच्या इंटरनेटशीं जोडलेलें असतें. उत्तर याच वाटेनें उलट येतें. कांहीं नवे उपग्रह आपसांत प्रकाशकिरणांनीं निरोप पोहोंचवितात, तरी शेवटीं त्यास कोठें तरी जमिनीवर उतरावेंच लागतें. म्हणजे तार नाहींशी झाली असें नव्हे. ती आपल्या गांवापासून दूर गेली, इतकेंच.

उपग्रहांच्या मुख्य जाति दोन आहेत. पहिली भूस्थिर उपग्रहांची. हे विषुववृत्तावर सुमारें ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वी स्वतःभोंवतीं जितक्या वेळांत फिरते तितक्याच वेळांत ते तिच्याभोंवतीं फेरा घेतात, म्हणून ते आकाशांत एकाच जागीं खिळल्यासारखे भासतात. दूरचित्रवाणीची आपली छत्री ज्याच्याकडे तोंड करून असते, तो उपग्रह याच जातीचा. आपल्या देशांतील खेड्यांस या जातीची ओळख जुनी आहे. सन १९७५-७६ मध्यें एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी-संच ठेवून शेती, आरोग्य व शिक्षण यांविषयींचे कार्यक्रम दाखविण्यांत आले होते.

दुसरी जात जमिनीजवळून फिरणाऱ्या उपग्रहांची. स्टारलिंकचे उपग्रह सुमारें ५५० किलोमीटरांवर आहेत व पृथ्वीचा एक फेरा सुमारें दीड तासांत पुरा करतात. त्यामुळें एक उपग्रह कांहीं मिनिटांतच डोक्यावरून निघून जातो व तबकडीस लागलीच दुसरा पकडावा लागतो. याच कारणास्तव अशा कंपनीस हजारों उपग्रह सतत फिरते ठेवावे लागतात. या कंपनीनें मे २०१९ मध्यें ६० उपग्रहांचा पहिला तांडा सोडला. सन २०२५ मध्यें ही संख्या सात हजारांच्या पलीकडे गेलेली होती. भारती समूहाचें भांडवल असलेल्या वनवेबचे उपग्रह याहून उंच, म्हणजे सुमारें १,२०० किलोमीटरांवर आहेत. या दोन्ही जातींचे गुणदोष सारखे नाहींत, हें वाचकांनीं पुढील विवेचनांत लक्षांत ठेवावें.

अंतराचा दोष

भूस्थिर उपग्रहाचा मुख्य दोष त्याच्या अंतरांतच आहे. बिनतारी लहर सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर वेगानें धांवते. वर जाण्याचें व खालीं येण्याचें अंतर मिळून सुमारें ७२,००० किलोमीटर होतें. त्यास जवळजवळ पाव सेकंद लागतो. प्रश्न जाऊन उत्तर आलें म्हणजे अर्धा सेकंद झाला. मधल्या यंत्रांचा वेळ धरतां प्रत्यक्षांत हा विलंब ६०० मिलिसेकंदांच्या घरांत जातो. ही उणीव कोणत्याहि सुधारणेनें भरून निघणारी नाहीं. कारण प्रकाशाचा वेग वाढविणें कोणाच्याच हातीं नाहीं.

अर्ध्या सेकंदानें असें काय बिघडतें, अशी शंका कोणी घेईल. चित्रपट पाहतांना किंवा गाणें ऐकतांना कांहींच बिघडत नाहीं, कारण तेथें प्रवाह एकदां सुरू झाला कीं तो अखंड येत राहतो. परंतु बँकेचें किंवा सरकारी खात्याचें एक पान उघडावयाचें तर यंत्रास अनेक वेळां विचारणा व अनेक वेळां उत्तर अशी येरझार करावी लागते, व प्रत्येक येरझारीस हा विलंब जोडला जातो. तज्ज्ञाशीं किंवा डॉक्टराशीं समोरासमोर चित्र पाहत बोलावें तर एकाचें बोलणें दुसऱ्यावर आदळतें आणि दोघेहि थांबून राहतात. ज्यांस कामासाठीं इंटरनेट पाहिजे त्यांस हा दोष अधिक जाणवतो, व करमणुकीसाठीं पाहिजे त्यांस कमी, असा हा विपरीत प्रकार आहे.

जवळच्या उपग्रहांत हा विलंब सामान्यतः २५ ते ६० मिलिसेकंदांपर्यंत खालीं येतो व वरील अडचण बहुतांशीं दूर होते. म्हणून विक्रेत्यास पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, तुमचा उपग्रह कोणत्या जातीचा? “उपग्रहाचें इंटरनेट” एवढ्या एका नांवाखालीं दोन भिन्न वस्तु विकल्या जातात.

पाटाच्या पाण्याचा न्याय

यापेक्षां मोठा दोष वांटणीचा आहे, व तो दोन्ही जातींस लागू पडतो. ज्यांनीं पाटाच्या पाण्यावर शेती केली आहे त्यांस तो समजावून सांगण्याची गरज नाहीं. पाटांत पाणी ठराविक. वरचे भिजवूं लागले कीं शेवटच्या शेतास धार लहान. उपग्रहाचेंहि तसेंच आहे. एका उपग्रहाचा झोत जमिनीच्या ज्या टापूवर पडतो, त्या टापूंतील सर्व घरांनीं एकाच शक्तीची वांटणी करून घ्यावयाची असते. फायबरच्या तारेस दोन्ही टोकांचीं यंत्रें बदलून तिची शक्ति अनेक पटींनीं वाढवितां येते. उपग्रहाची शक्ति वाढवावयाची तर नवा उपग्रहच आकाशांत न्यावा लागतो. म्हणून पहिल्या गिऱ्हाइकांस जो वेग मिळतो तोच पुढें शंभराव्यासहि मिळेल, असें धरून चालूं नये.

याविषयीं परदेशच्या शेतकऱ्यांचा अनुभव बोधप्रद आहे. ऑस्ट्रेलियांत सरकारी मालकीच्या राष्ट्रीय ब्रॉडबँड कंपनीनें सन २०१५ व २०१६ मध्यें ‘स्काय मस्टर’ नांवाचे दोन भूस्थिर उपग्रह सोडले. दूरदूर पसरलेल्या गुरांच्या व धान्याच्या शेतांवरील कुटुंबांसाठीं ही योजना होती. परंतु शक्ति थोडी व घरें पुष्कळ, म्हणून प्रत्येक घरास मासिक मर्यादा ठरवून देणें भाग पडलें, व ती मर्यादाहि दोन भागांत विभागली गेली. दिवसाचा वांटा लहान, आणि रात्रीं एक वाजल्यापासून सकाळीं सातपर्यंतचा वांटा मोठा. आपल्याकडे रात्रींच्या विजेवर पाणी देण्यासाठीं शेतकऱ्यास जसें जागावें लागतें, तशांतलाच हा प्रकार. तिकडे शाळा लांब असल्यानें मुलें घरीं बसून दूरशिक्षण घेतात. त्या मुलांच्या अभ्यासासाठीं निराळा वांटा राखून ठेवण्याची व्यवस्था करावी लागली. सन २०१४ मध्यें तेथील ग्रामीण लोकांनीं चांगल्या इंटरनेटसाठीं स्वतःची एक संघटना उभी केली व आपलीं गाऱ्हाणीं सरकारच्या कानीं घालण्यास आरंभ केला.

जवळच्या उपग्रहांसहि ही अडचण सुटलेली नाहीं. सन २०२४ च्या नोव्हेंबरांत केनियाच्या नैरोबी शहरांत व आसपासच्या भागांत स्टारलिंकला नवीं गिऱ्हाइकें घेणें थांबवावें लागलें, कारण त्या टापूंतील शक्ति भरून गेली होती. अमेरिकेंत गर्दीच्या टापूंत नव्या गिऱ्हाइकांकडून जादा आकार घेण्याची पद्धति सुरू झाली. तत्पूर्वीं, ऑगस्ट २०२२ मध्यें, अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें ग्रामीण भागासाठीं या कंपनीस मिळावयाचें सुमारें ८८ कोटी ५५ लक्ष डॉलरचें साह्य नाकारलें. कबूल केलेला वेग ती देऊं शकेल अशी खात्री पटत नाहीं व तबकडीची सुमारें ६०० डॉलर किंमत कुटुंबावर पडते, हीं त्याचीं मुख्य कारणें होतीं. हाच निर्णय आयोगानें डिसेंबर २०२३ मध्यें कायम केला.

आपल्या देशापुरतें बोलावयाचें तर, स्टारलिंकला भारतांत जास्तींत जास्त वीस लक्ष जोडण्या देतां येतील, असें केंद्रीय राज्यमंत्र्यांनीं जुलै २०२५ मध्यें सांगितलें. सन २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें देशांतील ग्रामीण कुटुंबें पावणेसतरा कोटींच्या सुमारास होतीं. वीस लक्ष जोडण्या केवळ खेड्यांतच दिल्या असें क्षणभर धरलें तरी शेंकडा सव्वा कुटुंबांचीच सोय होते. यावरून ही व्यवस्था सर्व खेड्यांचा प्रश्न सोडविणारी नव्हे, हें उघड आहे.

पाऊस, झाडें व सूर्य

आपल्या हवामानांत पावसाचा विचार सर्वांआधीं केला पाहिजे. या कामीं वापरल्या जाणाऱ्या लहरींची लांबी सुमारें एक ते अडीच सेंटिमीटर असते. एवढ्या आंखूड लहरींस पावसाचा थेंब हा अडथळाच होतो. थेंब त्यांतील कांहीं भाग शोषून घेतात व कांहीं भलतीकडे पसरवितात. रिमझिम पावसानें फारसें बिघडत नाहीं. परंतु पावसाचा जोर जसा वाढेल तशी लहर क्षीण होत जाते, प्रथम वेग मंदावतो व मोठ्या सरींत संबंध तुटतो. लहर जितकी आंखूड तितका हा त्रास अधिक.

ज्या देशांत हीं यंत्रें प्रथम तयार झालीं तेथील पाऊस व सह्याद्रीचा पाऊस यांत मोठा फरक आहे. २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथें ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, व त्याच पावसानें चिपळूण व कोल्हापूर भागांत महापूर आला. अशा रात्रीं, जेव्हां धरणाच्या विसर्गाची किंवा दरडीची सूचना घरोघर पोहोंचणें अत्यंत जरूर असतें, नेमक्या तेव्हांच तबकडी मुकी होण्याचा संभव अधिक. मात्र येथें न्यायाची गोष्ट हीहि सांगितली पाहिजे कीं, टॉवरहि वादळांत टिकतातच असें नाहीं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळांत रायगड जिल्ह्यांत विजेचे खांब व दळणवळण कोलमडून कित्येक गांवें अनेक दिवस तुटून राहिलीं. सरी ओसरतांच उपग्रहाचा संबंध पुन्हां जुळतो. पडलेला टॉवर मात्र उभा करावा लागतो. पाऊस चालूं असतां टॉवर बरा आणि वादळ होऊन गेल्यावर उपग्रह बरा, असा दोहोंमधील भेद आहे.

दुसरा अडथळा झाडांचा. भूस्थिर उपग्रह आपल्या भागांतून दक्षिणेकडे बराच उंच दिसतो. म्हणून त्या एका दिशेचें आकाश मोकळें असल्यास काम भागतें. जवळच्या उपग्रहांच्या तबकडीस मात्र आकाशाचा सुमारें शंभर अंशांचा मोठा घेर निर्वेध लागतो, कारण तिला धांवत्या उपग्रहांचा पाठलाग करावयाचा असतो. आंबा, फणस, माड यांच्या दाटींत असलेलें कोंकणांतील घर किंवा अरुंद दरींतील पाडा यांस असें आकाश मिळणें कठीण. फांदीआड उपग्रह गेला कीं कांहीं सेकंद संबंध तुटतो, पुन्हां जुळतो, पुन्हां तुटतो. मजकूर वाचणाऱ्यास तें खपतें. बोलणाऱ्यास किंवा पैसे पाठविणाऱ्यास खपत नाहीं. मग उंच खांब उभारणें किंवा फळतें झाड छाटणें, असे दोनच उपाय उरतात, व दोहोंसहि खर्च आहे.

भूस्थिर उपग्रहास सूर्याचाहि एक लहानसा उपसर्ग आहे. मार्च महिन्यांत व सप्टेंबर-ऑक्टोबरांत, दिवसरात्र समान होण्याच्या सुमारास, सूर्य कांहीं दिवस बरोबर उपग्रहाच्या पाठीमागें येतो व त्याच्या तेजांत उपग्रहाची लहर बुडून जाते. हा खंड रोज कांहीं मिनिटांचाच असतो. त्यापासून मोठें नुकसान नाहीं, परंतु यंत्र बिघडलें अशी समजूत होऊन उगाच खर्च होऊं नये म्हणून त्याचा येथें उल्लेख केला आहे.

विजेचा भार

मोबाईल दिवसांतून एकदां भारित केला कीं दिवसभर चालतो. त्यास महिन्याकाठीं एक युनिटहि वीज लागत नाहीं. तबकडीचें तसें नाहीं. जवळच्या उपग्रहांच्या साधारण घरगुती संचास ५० ते १०० वॅट वीज सतत लागते. सरासरी ७५ वॅट धरले तर दिवसास १.८ युनिट व महिन्यास ५४ युनिट होतात. नऊ वॅटचे आठ दिवे रात्रंदिवस जळत ठेवण्यासारखाच हा प्रकार आहे. प्रवासी उपयोगाचा लहान संच २५ ते ४० वॅटांत चालतो, पण त्याची शक्तिहि त्या मानानें कमी.

रक्कम फार मोठी नसली तरी खरी अडचण वीज जाण्याची आहे. वीज गेली कीं तबकडीहि गेली. बारा व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी नवी असतां अशा संचास सुमारें पंधरा तास पुरेल. त्याच बॅटरीवर पंखे व दिवे असतील तर पुष्कळच कमी. ज्या दुर्गम भागासाठीं ही सोय सांगितली जाते त्याच भागांत वीज सर्वांत अधिक वेळां जाते, हें विसरतां कामा नये. सबब तबकडीच्या किंमतींत इन्व्हर्टर, बॅटरी किंवा सौर पाटी यांची किंमत मिळवूनच हिशेब करावा. याशिवाय उंचावरील तबकडीपासून घरांत तार येत असल्यानें वळवाच्या पावसांत विजेच्या कडकडाटाची भीति असते. चांगलें भूसंयोजन केल्यावांचून ती बसवूं नये, व गडगडाट सुरू होण्यापूर्वींच संचाची कळ बंद करून प्लग काढून ठेवावा.

खर्चाचा मेळ

शेजारच्या देशांतील दर पाहिले म्हणजे खर्चाची कल्पना येते. भूतानमध्यें फेब्रुवारी २०२५ मध्यें ही सेवा सुरू झाली तेव्हां हलक्या दर्जाचा मासिक आकार ३,००० नुलत्रुम व साधारण दर्जाचा ४,२०० नुलत्रुम होता. भूतानचें हें नाणें आपल्या रुपयाच्या बरोबरीचें आहे. बांगलादेशांत मे २०२५ मध्यें हेच दर ४,२०० व ६,००० टाका असून संचाची किंमत ४७,००० टाका होती. आतां आपल्याकडील शेतकऱ्याची मिळकत पाहूं. जुलै २०१८ ते जून २०१९ या वर्षाच्या सरकारी पाहणींत भारतांतील शेतकरी कुटुंबाचें सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळून आलें. त्यानंतर उत्पन्न थोडेंबहुत वाढलें असेल हें मान्य करूनहि, ४,२०० रुपयांचा आकार हा त्या रकमेच्या शेंकडा चाळीसाहून अधिक होतो. ऊंस-बागायतदारास कदाचित् तो झेपेल. पावसाच्या ज्वारीवर किंवा कापसावर ज्याचें घर चालतें त्यास तो झेपणारा नाहीं.

शिवाय शेतकऱ्याचें उत्पन्न हंगामी व हा आकार मासिक. सुगी हातीं येईपर्यंत आकार थांबत नाहीं. आणि ठरलेला दर कायम राहील अशीहि हमी नसते. स्टारलिंकनें अमेरिकेंत सन २०२० मध्यें मासिक ९९ डॉलर व संचास ४९९ डॉलर असा दर ठेविला होता. मार्च २०२२ मध्यें तो ११० व ५९९ डॉलर झाला. एका कंपनीची तबकडी दुसऱ्या कंपनीच्या उपग्रहावर चालत नसल्यानें, दर वाढला म्हणून गिऱ्हाइकानें जावयाचें कोठें, हा प्रश्न उरतोच. बियाण्याच्या बाबतींत दरवर्षीं दुकानाचें तोंड पाहण्याचा अनुभव ज्यांनीं घेतला आहे त्यांस या पराधीनतेचा अर्थ कळेल.

दूरच्या मालकाचा धोका

आपल्या गांवची तार तुटली तर कोणास भेटावयाचें हें ठाऊक असतें. निदान तक्रार घेऊन जाण्यास एक कचेरी असते. उपग्रहाचा मालक मात्र दूर असतो, व त्याच्याकडील एका चुकीनें लक्षावधि घरें एकदम बंद पडतात. २४ जुलै २०२५ रोजीं स्टारलिंकच्या अंतर्गत प्रणालींत बिघाड होऊन जगभर सुमारें अडीच तास सेवा बंद पडली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं युक्रेनवरील आक्रमणाच्या वेळीं व्हायासॅट कंपनीच्या का-सॅट या भूस्थिर उपग्रहाच्या जाळ्यावर हल्ला करण्यांत आला. युद्ध युक्रेनमध्यें, पण त्या उपग्रहावर अवलंबून असलेल्या युरोपांतील हजारों घरांतील मोडेम निकामी झाले, आणि जर्मनींतील सुमारें ५,८०० पवनचक्क्यांवरील दूरची देखरेख तुटली. ज्या शेतकऱ्यांचा त्या युद्धाशीं कांहीं संबंध नव्हता त्यांसहि त्याची झळ लागली.

जवळचे उपग्रह अल्पायुषीहि असतात. साधारण पांच वर्षांनीं ते बदलावे लागतात. सूर्यावरील वादळांनीं वरचें वातावरण फुगतें व नुकतेच सोडलेले उपग्रह खालीं ओढले जातात. फेब्रुवारी २०२२ मध्यें स्टारलिंकनें सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकीं सुमारें ४० याप्रमाणें नष्ट झाले. म्हणजे या धंद्यास पैशाचा ओघ अखंड लागतो, व तो आटला कीं कंपनी बुडते. इरिडियम कंपनीनें १९९९ मध्यें व वनवेबनें मार्च २०२० मध्यें दिवाळखोरी जाहीर केली होती. दोन्ही जाळीं पुढें नव्या मालकांनीं चालविलीं हें खरें. पण प्रत्येक वेळीं असा तारणारा मिळेलच असें नाहीं. विहीर आपली असते, मोटर आपली असते. तबकडी मात्र विकत घेऊनहि पूर्णपणें आपली होत नाहीं.

गरज किती, हें आधीं पाहावें

शेतकऱ्याच्या घरास इंटरनेट कशासाठीं लागतें, याची एकदां शांतपणें यादी करावी. सातबारा पाहणें, ई-पीक पाहणीची नोंद करणें, हवामानाचा अंदाज, बाजारसमितीचे भाव, बँकेचे व्यवहार, विम्याचा अर्ज, मुलांचा अभ्यास. यांपैकीं मुलांचे चित्रमय पाठ सोडले तर बाकीच्या कामांस फारच थोडी शक्ति लागते, व टॉवरचा क्षीण संबंधहि त्यास पुरतो. जास्त शक्ति खातो तो चित्रपटांचा व करमणुकीचा प्रवाह. करमणूक वाईट असें नाहीं. पण ती शेतीच्या खर्चाच्या खात्यावर लिहूं नये. “शेतीसाठीं इंटरनेट” म्हणून कर्ज काढून आणलेली तबकडी संध्याकाळभर चित्रपटांसाठींच चालूं लागली, तर तो शेतीचा खर्च नव्हे, घरखर्चाची वाढ होय.

ज्या वाडीस टॉवरची रेघहि मिळत नाहीं, तेथील गोष्ट निराळी. गडचिरोलीच्या जंगलांतील किंवा सातपुड्यांतील पाड्यास तार पोहोंचण्यास अनेक वर्षें लागतील. तेथें शाळा, आरोग्य केंद्र, रास्त भावाचें दुकान व ग्रामपंचायत यांसाठीं उपग्रहासारखें साधन नाहीं, आणि वर सांगितलेले दोष सोसूनहि तें घेणें योग्य आहे. परंतु तेथेंहि घरागणिक एक तबकडी घेण्यापेक्षां गांवाची एकच, सार्वजनिक जागेवर, बॅटरीसह बसविलेली तबकडी अधिक फायदेशीर. खर्च चाळीस घरांत वांटला कीं शंभर-सव्वाशे रुपयांवर येतो, आणि १९७५ सालच्या सामुदायिक संचांप्रमाणें तिचा उपयोग सर्वांस होतो. सहकारी सोसायट्यांनीं हें काम अंगावर घेण्यासारखें आहे.

सर्वांत मोठा धोका

वरील सर्व दोष घरापुरते झाले. गांवाच्या दृष्टीनें याहून मोठा एक धोका आहे, व तो यंत्रांत नसून आपल्या धोरणांत आहे. तबकडी आली म्हणून तारेचें काम मागें पडावें, हा तो धोका होय. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेस केंद्र सरकारनें २०११ मध्यें मंजुरी दिली. तिलाच पुढें भारतनेट असें नांव मिळालें. ऑगस्ट २०२३ मध्यें सुधारित कार्यक्रमासाठीं १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. दोन लक्षांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत तार गेलेली आहे. तथापि रस्ता खोदतांना ती तुटणें, पंचायतींतील यंत्राची वीज बंद असणें, दुरुस्तीस महिने लागणें, असे प्रकार ठिकठिकाणीं घडत आले आहेत. ही तार आपल्या गांवच्या वेशीपर्यंत आलेली असतां ती चालूं करून घेण्याऐवजीं, ज्यांस परवडेल त्यांनीं तबकड्या बसविल्या व ज्यांस परवडत नाहीं ते तसेच राहिले, तर गांवाची मागणी करणारा आवाजच दुबळा होईल. सधन शेतकरी हा गांवांत पुढाकार घेणारा असतो. त्याची स्वतःची सोय झाली कीं सार्वजनिक कामाची निकड त्यास वाटेनाशी होते. खाजगी विहिरी वाढल्यावर गांवतळ्याकडे कोण पाहतो, हें आपण अनुभवलें आहे.

अमेरिकेंतील शेतकऱ्यांनीं १९३५ नंतर ग्रामीण विद्युतीकरणाच्या सरकारी कर्जांतून स्वतःच्या सहकारी संस्था काढून शेतावर वीज आणली. त्यांपैकीं कित्येक संस्था आज आपल्याच विजेच्या खांबांवरून सभासदांच्या घरीं फायबर नेत आहेत. जेथें अशी तार पोहोंचली तेथें उपग्रहाची गरज उरत नाहीं. सहकाराची परंपरा ज्या महाराष्ट्रांत इतकी जुनी आहे तेथें हें उदाहरण अशक्य वाटण्याचें कारण नाहीं.

घेण्यापूर्वीं विचारावयाचे प्रश्न

ज्या बंधूंस तरीहि तबकडी घ्यावयाचीच असेल त्यांनीं पुढील गोष्टी विचारून, शक्य तर लेखी घ्याव्या :

१. उपग्रह भूस्थिर आहे कीं जवळचा? विलंब किती?
२. मासिक मर्यादा आहे काय? ती संपल्यावर वेग किती राहतो?
३. संध्याकाळीं सात ते दहा या गर्दीच्या वेळीं आपल्या टापूंत प्रत्यक्ष वेग किती मिळतो? शेजारच्या गांवीं कोणाकडे संच असल्यास त्या वेळीं जाऊन पाहावा.
४. संच किती वॅट वीज घेतो? तो बॅटरीवर चालतो काय?
५. आषाढ-श्रावणांतील पावसाचा अनुभव काय? परत करण्याच्या मुदतींत एक तरी मोठा पाऊस येईल अशा वेळींच खरेदी करावी.
६. बिघाड झाल्यास माणूस कोठून येतो, किती दिवसांत, व खर्च कोणाचा?
७. हंगामाबाहेर सेवा थांबवितां येते काय? दर वाढल्यास करार सोडतां येतो काय?
८. ग्रामपंचायतींत भारतनेटची तार आलेली आहे काय, व ती बंद असल्यास ती चालूं करण्याचा अर्ज आपण केला आहे काय?

यांतील आठवा प्रश्न विक्रेत्यास नव्हे, आपण स्वतःसच विचारावयाचा आहे. त्याचें उत्तर “नाहीं” असें असेल, तर तबकडीच्या पैशाची जुळवाजुळव करण्यापूर्वीं पुढील ग्रामसभेंत तो विषय मांडावा, ठराव करून तालुक्यास पाठवावा, व उत्तर येईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा. उपग्रह हें अडलेल्या वाडीचें साधन आहे. गांवाचा राजमार्ग तो नव्हे. जेथें मार्ग होण्यासारखा आहे तेथें तो मागून घेणें हेंच सर्वांच्या हिताचें आहे.